आर्चरी : विजेच्या आधीचे शेत

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील प्लेन्स गावाच्या पश्चिमेला, साधारण अडीच मैलांवर, रेल्वेमार्गालगत आर्चरी ही छोटी वस्ती आहे. १९२८ मध्ये पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांचे कुटुंब तेथील शेतघरात राहायला आले, आणि १९४१ मध्ये कॉलेजसाठी बाहेर पडेपर्यंत ते तेथेच वाढले. गोरी कुटुंबे मोजकीच होती. बाकी शेजार कृष्णवर्णीयांचा होता, आणि त्यांतील अनेकजण बटईने किंवा मजुरीने शेती करीत.

कार्टर गावातच राहत असताना, १९८७ च्या डिसेंबरमध्ये, प्लेन्स परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देणारा कायदा झाला. आर्चरीचे शेत सरकारने १९९४ मध्ये विकत घेतले आणि नोव्हेंबर २००० मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. मधल्या काळात खरा प्रश्न होता तो ही वास्तू कोणत्या काळात थांबवायची याचा. अखेर १९३८ च्या आधीचा काळ निवडण्यात आला, कारण त्या वर्षी शेतावर वीज आली. त्यामुळे आज तेथे दिसतात ते रॉकेलचे दिवे, बाहेरचा संडास, खेचरांचे गोठे आणि घरात नळाचे पाणी आणणारी, १९३५ मध्ये बसवलेली पवनचक्की. कार्टर यांच्या किशोरवयाची शेवटची वर्षे मात्र या चौकटीबाहेर राहिली.

निवड मला योग्य वाटते, कारण विजेशिवायच्या शेतावर माणसाच्या कष्टांचे मोल लगेच उमजते. तरीही तिच्यामुळे मालकाच्या घरावर नजर खिळते, याची भरपाई शेजारच्या दोन इमारती करतात. एक म्हणजे वडिलांचे दुकान, जेथे मजूर व बटाईदार किराणा घेत. दुसरी म्हणजे कृष्णवर्णीय मजूर दांपत्याचे छोटे घर, जेथे लहानगा जिमी अनेकदा रात्री मुक्कामाला असे. वंशभेदाच्या कायद्यांच्या काळातील ही जवळीक आणि तिच्या सीमा या दोन इमारतींशिवाय कळणार नाहीत.

कार्टर यांची आई परिचारिका होती, आणि कृष्णवर्णीय शेजाऱ्यांचीही शुश्रूषा करी. पुढे साठीनंतर, १९६६ ते १९६८ या काळात, तिने मुंबईतील विक्रोळी येथे स्वयंसेविका म्हणून काम केले.

२०२१ मध्ये स्थळाचा दर्जा वाढून ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. कार्टर यांचे निधन २९ डिसेंबर २०२४ रोजी झाले. त्यांना प्लेन्समधील त्यांच्या घराच्या आवारातच दफन करण्यात आले, आणि ते घरही याच उद्यानाचा भाग आहे.