पंपाचा दांडा काढला म्हणून पटकी थांबली?
साथरोगतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षे सांगितले जाते की, १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील दूषित पाण्याच्या हातपंपाचा दांडा डॉ. जॉन स्नो यांनी काढायला लावला आणि पटकीची साथ तिथेच थांबली. प्रत्यक्षात ८ सप्टेंबरला दांडा निघाला तेव्हा, बरेच रहिवासी घरे सोडून गेलेले असल्याने, साथ आधीच ओसरू लागली होती. ही कबुली खुद्द स्नो यांनीच दिली आहे. शिकण्याजोगी आहे ती त्यांची घरोघरची चौकशी: कोण दगावले, पाणी कुठले प्यायले आणि (नवशिके नेमके हेच विचारायला विसरतात) शेजारी राहूनही कोण वाचले. जवळच्याच बिअरच्या कारखान्यातील कामगार बचावले होते, कारण त्यांना प्यायला बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती.