टाइम-लॅप्स फोटोंतून रोपांची वाढ कशी मोजली जाते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोप दिवसभरात किती वाढलं हे पट्टीने कळतं. ते रात्री कोणत्या तासाला वाढलं, वेग कधी मंदावला, मूळ कधी वळू लागलं, हे मात्र ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंतूनच दिसतं. असे शेकडो फोटो हाताने मोजणं जिकिरीचं असतं. त्यासाठी हे सॉफ्टवेअर आहे.

रंग किंवा उजळपणा पाहून सॉफ्टवेअर आधी रोपाला पार्श्वभूमीपासून वेगळं करतं. मग त्या आकाराची एक पिक्सेल जाडीची मध्यरेषा काढतं. मूळ किंवा कोंब कितीही वाकडातिकडा असो, लांबी या रेषेवरून, वळणांसकट धरली जाते. वरून काढलेल्या फोटोंत लांबीऐवजी पानांचं क्षेत्रफळ मिळतं. प्रत्येक रोपाला क्रमांक पडतो आणि वेळ, लांबी, वेग, टोकाचा कोन असा तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडणारी साधी फाइल) तयार होतो.

पण खरं सांगायचं तर आकडे कितपत बरोबर येणार, हे बरंचसं फोटो काढतानाच ठरतं. पिक्सेलचे मिलिमीटर करायला फोटोत पट्टी लागते, आणि ती रोपं ज्या अंतरावर आहेत त्याच अंतरावर हवी. कॅमेऱ्यापासून पट्टी 30 सेंटिमीटरवर आणि रोपं 28.5 सेंटिमीटरवर असतील, तर प्रत्येक लांबी सुमारे 5 टक्के जास्त भरते. तक्ता पाहून ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. कॅमेऱ्याचा ऑटो-एक्स्पोजर आणि ऑटो-फोकस बंद ठेवा. नाहीतर उजेड बदलला की रोपाची कड सरकते आणि वाढ नसतानाही वाढ दिसते.

दोन फोटोंमध्ये किती वेळ ठेवायचा, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. समजा तुमच्या फोटोत एका मिलिमीटरला 20 पिक्सेल आहेत आणि मूळ तासाला 0.2 मिलिमीटर वाढतंय. म्हणजे टोक तासाभरात जेमतेम 4 पिक्सेल पुढे जातं. अशा वेळी दर मिनिटाला फोटो काढले तर डिस्क भरेल, आणि वेगाच्या आलेखात वाढीपेक्षा मोजमापाची थरथरच जास्त दिसेल. दर 30 मिनिटांनी एक फोटो इथे पुरे. वेग हवा असेल तर तो लागोपाठच्या दोन फोटोंवरून काढू नका, काही तासांच्या सरासरीवरून काढा.

अंधारातल्या वाढीसाठी इन्फ्रारेड दिवे आणि इन्फ्रारेड प्रकाश अडवणारा फिल्टर काढलेला कॅमेरा लागतो. फोटोपुरता पांढरा दिवा क्षणभर लावणंही टाळा. अंधारात वाढणारा कोंब उजेडाला चटकन प्रतिसाद देतो आणि त्याच्या वाढीचा वेग घटतो. मग तुम्ही अंधारातलं रोप मोजत नसता. 940 नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण बहुतेक कॅमेऱ्यांना त्या प्रकाशात कमी दिसतं, म्हणून एक्स्पोजर वाढवावं लागतं.

काही गोष्टी सॉफ्टवेअरला जमत नाहीत. एकमेकांत गुंतलेली मुळं ते खात्रीने वेगळी करू शकत नाही, म्हणून बिया पेरतानाच अंतर ठेवा. रोपांच्या बशीच्या झाकणावर बाष्प धरलं तर थेंबांच्या कडा मुळांसारख्या दिसतात. बऱ्याच रोपांची पानं रात्री उभी होतात, त्यामुळे वरच्या फोटोत क्षेत्रफळ घटल्यासारखं दिसतं. रोप काही आकसलेलं नसतं! दिवसेंदिवसची तुलना करताना रोज त्याच वेळचे फोटो घ्या.

प्रत्येक प्रयोगातले थोडे फोटो निवडून मध्यरेषा स्क्रीनवर स्वतः तपासा. चुकलेली रेषा माउसने ओढून दुरुस्त करता येते आणि ती दुरुस्ती तक्त्यात वेगळी नोंदली जाते. मूळ फोटो पुसू नका. सेटिंग बदलून पुन्हा मोजायचं झालं तर तेच लागतात.

खरेदीआधी चाचणी हवी असेल तर एका प्रयोगाचे सगळे फोटो मूळ आकारातच पाठवा. त्यात पट्टीचा फोटो असू द्या. आणि दोन-तीन रोपांची तुम्ही हाताने मोजलेली लांबीही कळवा, म्हणजे आमचे आकडे तुम्हाला ताडून पाहता येतील.