‘साठी बुद्धी नाठी’ : म्हण जुनी, निदान खोटे

सारसबागेतल्या बाकावर कुणाला जुन्या सहकाऱ्याचे नाव चटकन आठवले नाही, की ‘साठी बुद्धी नाठी’ हमखास ऐकू येते. परंतु स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भाग आहे, ही समजूत चुकीची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांत त्याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. नाव उशिरा आठवणे वेगळे आणि रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे किंवा पेन्शनचा हिशेब अचानक न जमणे वेगळे. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती नवलाची नाही), मंदावलेले थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळे होणारे विस्मरण उपचारांनी बरेचदा सुधारते. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांपर्यंत तर सांगितलेले मुळात पोहोचलेलेच नसते.