सार्वजनिक चार्जिंग केंद्रावरील देयकाची अचूकता

विद्युत वाहनाला चार्जिंग केंद्रावर प्रत्यक्ष मिळालेली वीज आणि तिच्यापोटी आकारलेली रक्कम यांचा मेळ राखणारी मापन, नोंद व पडताळणीची व्यवस्था. पेट्रोल भरताना ग्राहक पंपावरचा शून्य पाहून घेतो. विजेच्या बाबतीत मात्र मीटर बहुधा खोक्याच्या आत असतो, दर ॲपमध्ये असतो आणि हिशेब दूरच्या सर्व्हरवर होतो, त्यामुळे चूक कुठे झाली हे शोधणेच मुळात अवघड जाते.

मीटर किती अचूक आहे याच्याइतकाच तो कुठे बसवला आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जलद चार्जर ग्रिडकडून एसी (दिशा बदलत राहणारी) वीज घेऊन तिचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीत (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत) रूपांतर करतो. त्यात काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि पंखे व पडदा यांनाही वीज लागते. मोजणी एसी बाजूला केली, तर हा सारा तोटा ग्राहकाच्या माथी पडतो. डीसी बाजूला मोजले तरी केबल उरतेच. समजा, ४०० व्होल्टला ४०० अँपिअर धारा वाहत आहे आणि केबलचा जाण्यायेण्याचा एकूण रोध ५ मिलीओहम आहे. तर १६० किलोवॉटपैकी ८०० वॉट, म्हणजे अर्धा टक्का, केबल तापवण्यातच खर्ची पडतात. अमेरिकेतील हँडबुक ४४ या मापनविषयक नियमसंग्रहात एसी चार्जरला (जो रूपांतर न करता एसी वीजच गाडीला देतो) नवा असताना १ टक्का आणि वापरात आल्यावर २ टक्के त्रुटीची मुभा आहे, हे पाहता अर्धा टक्का क्षुल्लक ठरत नाही. म्हणून व्होल्टता गनच्या (केबलच्या टोकाला असलेल्या, गाडीत बसवायच्या जोडणीच्या) टोकाशी मोजतात किंवा केबलचा तोटा हिशेबातून वजा करतात.

ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारी मात्र वेगळ्याच गैरसमजातून येतात. गाडीच्या पडद्यावर ३० युनिट आणि देयकावर ३३ युनिट दिसले, की मीटर धावतो असे वाटते. एसी चार्जिंगमध्ये रूपांतर गाडीतच होते व त्यातला तोटा गाडीचा असतो, त्यामुळे एवढा फरक पडूनही मीटर निर्दोष असू शकतो.

आकारणी मिनिटांवर असेल तर मोजणी कितीही चोख असो, तिचा उपयोग नाही, कारण बॅटरी भरत आली किंवा थंड असली की चार्जिंग मंदावते आणि तेवढ्याच वेळात कमी वीज मिळते. युरोपीय संघाच्या २०२३/१८०४ या विनियमानुसार ५० किलोवॉट वा अधिक क्षमतेच्या केंद्रांवर आधी करार न केलेल्या, आयत्या वेळी आलेल्या ग्राहकासाठीचा दर किलोवॉट-तासावर (म्हणजे युनिटवर) आधारलेला असावा लागतो. जागा अडवून ठेवल्याबद्दल प्रतिमिनिट शुल्क त्यावर लावता येते.

पुढचा धोका नोंदीचा. एका चार्जिंगच्या, म्हणजे सत्राच्या, शेवटच्या वाचनातून सुरुवातीचे वाचन वजा करून युनिट काढतात. मध्येच नेटवर्क गेले आणि नोंद चार्जरमध्ये साठून राहिली, ती नंतर दोनदा पोचली किंवा घड्याळ चुकीचे असल्याने दुसऱ्याच दराच्या वेळेत पडली, तर निर्दोष मीटरवरूनही चुकीचे देयक निघते. जर्मनीतील मापन कायद्याने यावर काढलेला तोडगा लेखकाच्या मते सर्वांत प्रामाणिक आहे: तेथील चार्जर वाचनावर अंकीय स्वाक्षरी (वाचनात नंतर फेरफार झाल्यास तो उघड करणारी संगणकीय खूण) करतो आणि यंत्रावर दिलेल्या सार्वजनिक किल्लीने (ती स्वाक्षरी तपासण्याच्या संकेताने) ग्राहक ते वाचन मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तपासू शकतो. चार्जिंग सुरू होण्याआधी कार्डावर तात्पुरती अडवून ठेवलेली रक्कम हे देयक नव्हे. तीही पुष्कळदा जादा आकारणी समजली जाते.

आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेने २०२२ मध्ये चार्जिंग उपकरणांसाठी जी २२ ही मार्गदर्शिका काढली. जागेवरील पडताळणीत गन आणि गाडी यांच्यामध्ये प्रमाणित संदर्भ मीटर जोडून दोन्हींची वाचने ताडून पाहतात. जलद चार्जरला पुरेसा कृत्रिम भार वाहून आणणे जिकिरीचे असल्याने अनेकदा खरी गाडीच भार म्हणून वापरली जाते. ती मात्र बॅटरी बरीच उतरलेली असतानाच आणावी लागते, कारण भरत आलेली बॅटरी इतकी कमी धारा घेते की मोठ्या भारावरचे मापन तपासताच येत नाही.