‘नेटवर्क’च्या आधीची वीस वर्षं

नोकरी जाणार असं कळल्यावर एक वृत्तनिवेदक थेट प्रक्षेपणात आत्महत्येची घोषणा करतो, टीआरपी वाढतो आणि चॅनेल त्याच्या वेडाचाच रोजचा कार्यक्रम करून टाकतं. नोव्हेंबर १९७६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘नेटवर्क’ या चित्रपटाचं हे कथानक. आजच्या प्राइम टाइमच्या आरडाओरड्याकडे बोट दाखवून ‘बघा, तेव्हाच सांगितलं होतं’ असं म्हणायची आता पद्धतच पडली आहे. पटकथाकार पॅडी चायेफ्स्की यांना द्रष्टं ठरवण्याची ही घाई मला पटत नाही. त्यांचा बराचसा ऐवज तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलेला होता.

चायेफ्स्की आणि दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, दोघेही न्यूयॉर्कच्या टीव्हीत घडलेले. तिथे नाटकं थेट प्रक्षेपित होत, त्या काळातले. चायेफ्स्कींचं ‘मार्टी’ १९५३ मध्ये एनबीसीवर झालं, मग त्याचा सिनेमा झाला आणि ऑस्करही मिळालं. ‘नेटवर्क’मधला संताप असा घरच्या माणसाचा आहे.

त्या काळी अमेरिकेत सीबीएस, एनबीसी आणि एबीसी ही तीनच मोठी नेटवर्क होती. चित्रपटातलं यूबीएस हे काल्पनिक चौथं. केंद्रांना सरकारी परवाना लागे आणि लोकहिताचं काहीतरी करतो हे दाखवावं लागे. ती जबाबदारी बातम्या पार पाडत. वृत्तविभाग तोट्यात चालला तरी मालक फारसे कुरकुरत नसत, मनोरंजनाचे कार्यक्रम ती तूट भरून काढत. हे गणित सत्तरच्या दशकात फिरलं. सीबीएसचा ‘सिक्स्टी मिनिट्स’ हा वृत्तकार्यक्रम १९७५ मध्ये रविवारी संध्याकाळी सातच्या वेळेवर आला आणि बातमीदारीतूनही बक्कळ पैसा मिळतो हे सगळ्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी एनबीसीच्या निवेदिका बार्बरा वॉल्टर्स दहा लाख डॉलर वार्षिक मानधनावर एबीसीत गेल्या. त्यातला निम्मा पैसा मनोरंजन विभागाचा होता! ऑक्टोबर १९७६ मध्ये त्या बातम्या देऊ लागल्या, म्हणजे चित्रपटाच्या जेमतेम महिनाभर आधी.

मालकीचा धागा याहून जुना, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. डिसेंबर १९६५ मध्ये टेलिफोनपासून भाड्याच्या गाड्यांपर्यंत पसरलेल्या आयटीटी कंपनीने एबीसी विकत घेण्याचं जाहीर केलं. कंपनीच्या परदेशी हितसंबंधांचं दडपण बातम्यांवर येईल, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. या व्यवहाराच्या सरकारी मंजुरीसाठी झालेल्या सुनावणीचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांवर आयटीटीच्या लोकांनी दबाव आणल्याचं तर खुद्द सुनावणीतच पुढे आलं. न्याय खात्याचा विरोध चालूच राहिला आणि १ जानेवारी १९६८ रोजी कंपनीने माघार घेतली. चित्रपटात यूबीएसचा मालक असलेला उद्योगसमूहच सौदी पैशाकडे विकला जाऊ घातलेला असतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही भीती प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नसणार.

चित्रपटातली दहशतवाद्यांच्या साप्ताहिक कार्यक्रमाची कल्पना अचाट वाटते खरी, पण फेब्रुवारी १९७४ मध्ये पॅटी हर्स्ट या वृत्तपत्रमालकाच्या मुलीचं एका सशस्त्र जहाल गटाने अपहरण केलं आणि अपहरणकर्त्यांच्या ध्वनिफिती देशभर वाजल्या. त्याच वर्षी जुलैत फ्लोरिडातल्या एका निवेदिकेने प्रक्षेपण चालू असताना जीव दिला. चित्रपट त्यावरूनच सुचला असं सर्रास लिहिलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या, एवढ्यावरून तसं ठरवणं घाईचं आहे.

चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. वेड्या निवेदकाची भूमिका करणारे पीटर फिंच जानेवारी १९७७ मध्ये वारले. अभिनयाचं मरणोत्तर ऑस्कर मिळालेले ते पहिले नट. लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची खिडकीतून ओरडायला लावणारी आरोळी. यूबीएसच्या मालक समूहाचा प्रमुख जेन्सन बंद खोलीत त्या निवेदकाला जगाचा खरा कारभार समजावतो, तो प्रसंग मात्र कमी आठवला जातो.

१९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने एनबीसीची मालक कंपनी आरसीए घेतली, तिच्यासोबत एनबीसीही आली. एबीसी त्याच वर्षी कॅपिटल सिटीज या माध्यम कंपनीकडे गेली, सीबीएसची सूत्रं उद्योगपती लॉरेन्स टिश यांच्या हाती आली. १९८७ च्या मार्चमध्ये सीबीएसच्या वृत्तविभागातून दोनशेहून अधिक लोकांना घरी पाठवण्यात आलं.