एनएव्ही 10 रुपये म्हणजे म्युच्युअल फंड स्वस्त?

"एनएफओ 10 रुपयाला भेटून राहिला, जुना फंड 100 रुपयाचा, म्हणून नवीनच घ्या" असा मेसेज आमच्या नागपुरातल्या फॅमिली ग्रुपवरही कितीदा येते (एनएफओ म्हणजे नवीन फंडाची पहिली विक्री), आणि वाटणं साहजिक आहे कारण बाजारात 10 ची वस्तू 100 च्या वस्तूपेक्षा स्वस्तच राहते.

पण हा 10 किंवा 100 चा आकडा म्हणजे एनएव्ही, तो वस्तूचा भाव नाही, फंडाच्या एकूण मालमत्तेतून देणी नि खर्च वजा करून युनिट्सनी (फंडाच्या हिश्श्यांच्या संख्येनं) भागलं की येते तो आकडा. किलोभर संत्रा बर्फीचे 10 तुकडे करा की 100, बर्फी किलोभरच ना.

स्वतः करून पाहा. 10,000 रुपये टाकले तर 10 च्या एनएव्हीला 1,000 युनिट, 100 च्याला 100. दोन्ही फंड 12 टक्के वाढले तर एनएव्ही 11.20 आणि 112, गुणाकार करा, दोन्हीकडे 11,200 च. (स्टॅम्प ड्युटी इथे धरली नाही, ती दोन्हीकडे सारखीच लागते.)

मग पाहायचं काय, तर फॅक्टशीटमध्ये (फंडाच्या माहितीपत्रकात) एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा वर्षाचा खर्च टक्क्यात, पैसा कुठे लावला ते, आणि 5-10 वर्षांचा परतावा बेंचमार्कच्या (ज्या निर्देशांकाशी फंडाची तुलना होते त्याच्या) बाजूला ठेवून. नवीन फंडाला हा मागचा रेकॉर्डच नसते, हे मात्र नक्की लक्षात घ्या.