ईमेलमधून येणारा फॅक्स : टिफपासून पीडीएफपर्यंत

आलेला फॅक्स कागदावर न उमटता ईमेलला जोडलेल्या फाईलच्या रूपाने हाती पडणे, ही सोय इंटरनेटमुळे झाली हे खरे. पण त्या फाईलचे स्वरूप बरेचसे १९८० मध्येच ठरून गेले होते. त्या वर्षी सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीने मान्य केलेल्या ‘ग्रुप ३’ मानकात पानाची प्रत्येक ओळ १,७२८ ठिपक्यांची असते, ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदले जाते आणि सलग येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची लांबी सांकेतिक रूपात पाठवली जाते. पत्राचे पान बहुतांशी कोरेच असल्याने संथ टेलिफोन लाइनवरही हे भागत असे.

पुढे संगणकांना फॅक्स मोडेम जोडले गेले, तेव्हा आलेले पान साठवायला ऑल्डस कंपनीचा १९८६ चा टिफ हा चित्र-फाईलचा प्रकार सोयीचा ठरला. फॅक्सची सांकेतिक रूपातली माहिती त्यात जशीच्या तशी ठेवता येत होती, शिवाय अनेक पाने एकाच फाईलमध्ये मावत होती. १९९२ मध्ये माइम मानकाने ईमेलला फाईल जोडण्याची सर्वमान्य रीत घालून दिली आणि त्याच दशकात फॅक्स क्रमांकावर आलेली पाने थेट ईमेलवर पोचवणाऱ्या सेवा सुरू झाल्या. फॅक्स आणि टिफ यांचे नाते किती जवळचे होते हे सांगायला एक गोष्ट पुरेशी बोलकी आहे : फॅक्स सर्व्हरसाठीचा हायलाफॅक्स हा प्रोग्राम आणि टिफ हाताळणारा लिबटिफ हा तयार कोड-संच, या दोन्हींचे मूळ लेखक सॅम लेफलरच. १९९८ मध्ये इंटरनेट फॅक्सच्या आरएफसी २३०५ आणि टी.३७ या मानकांनीही टिफवरच शिक्कामोर्तब केले.

अडचण होती ती फाईल उघडणाऱ्याची. काही प्रोग्राम फक्त पहिलेच पान दाखवत आणि पाच पानी करारातली चार पाने आलीच नाहीत असे वाटे. दुसरा घोटाळा अधिक मजेदार होता : साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये आडव्या दिशेला मिलिमीटरमागे सुमारे ८ ठिपके, तर उभ्या दिशेला ३.८५ ओळी असतात. ठिपके चौरस आहेत असे धरून चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अक्षरे निम्म्या उंचीची, चेपलेली दिसत.

ॲडोबीने १९९३ मध्ये आणलेल्या पीडीएफमध्ये पानाचे माप ठरलेले असते आणि वाचण्याचा प्रोग्राम पुढे मोफत मिळू लागला, त्यामुळे सामान्य वापरात पीडीएफने टिफला मागे टाकले. फॅक्सचे संकेत पीडीएफलाही थेट चालतात, म्हणून योग्य रीतीने रूपांतर केल्यास एकही ठिपका गमावत नाही. छायाचित्रांसाठी घडवलेल्या जेपीईजीत मात्र अक्षरांच्या कडांभोवती करडे डाग उमटतात, म्हणून ती निवड चुकीचीच म्हणावी लागेल.

पीडीएफ झाल्याने मजकूर शोधता येतो, हा समज मात्र फसवा आहे. आत असते ते पानाचे चित्रच. शोधासाठी त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, चालवावे लागते, आणि साध्या दर्जाच्या फॅक्सवर ३ आणि ८ सारखे बारीक अंक वाचताना त्याचीही गफलत होऊ शकते.